पंगतीतलं शेवटचं पान

दोस्तांनो, आधी एक कोडं घालतो. सापासारखा वळवळतो, पण साप नाही. लोक त्याला ईल म्हणतात, पण तो खरा ईलही नाही. नाक सोंडेसारखं पुढे आलेलं, पाठीवर काट्यांची रांग, आणि दिवसभर वाळूत अंग पुरून फक्त नाकाचा शेंडा बाहेर ठेवून बसतो. ओळखा पाहू कोण?

नदीकाठच्या गावातल्या मुलांनी एव्हाना ओळखलंही असेल. वाम! भीमा, कृष्णा, गोदावरी या आपल्या नद्यांमध्ये हा मासा राहतो आणि बाजारातही येतो. (समुद्रातल्या एका माशालाही कोळी वाम म्हणतात, पण तो वेगळा बरं का!) नदीतल्या वामचं शास्त्रीय नाव आहे मॅस्टासेम्बेलस आर्मेटस. फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद यांनी १८०० साली त्याचं वर्णन केलं आणि 'आर्मेटस', म्हणजे हत्यारबंद, असं नाव त्याला चिकटलं. का, ते त्याला मुठीत पकडणाऱ्याला लगेच कळतं. पाठीवरच्या परासमोर तीसपेक्षा जास्त सुटे, आखूड काटे असतात. एरवी ते दिसत नाहीत. पकडलं की उभे राहतात आणि टोचतात!

म्हणून या सगळ्या कुळाला 'काटेरी ईल' म्हणतात. खरे ईल, म्हणजे आपल्याकडचा अहिर, समुद्रात जन्मतात, नदीत वाढतात आणि अंडी घालायला पुन्हा समुद्रात जातात. काटेरी ईलचं तसं नाही. त्यांचं घर बहुतेक गोड्या पाण्यातच असतं. आणि गोड्या पाण्यातला म्हटलं की आपल्यासारख्या मासेवेड्यांचे कान टवकारतात. घरच्या काचेच्या टाकीत ठेवता येईल का हो?

येईल. पण आधी माझी फजिती ऐका.

एक होता पीकॉक ईल

आमच्या घरी तीन फुटी टाकी होती. तिच्यात कॉन्व्हिक्ट जातीची एक जोडी होती. कॉन्व्हिक्ट म्हणजे कैदी. अंगावर काळे पट्टे, म्हणून हे नाव. मूळचा मध्य अमेरिकेतला हा मासा सिक्लिड या मोठ्या कुळातला. एंजल, ऑस्कर, डिस्कस हे सगळे त्याचे भाऊबंद. सिक्लिड भारी हुशार. मालकाला ओळखतात, पिल्लांवर पहारा देतात आणि आपल्या हद्दीत कोणी आलं की धावून जातात. खाण्याच्या बाबतीत तर विचारूच नका! त्यांच्या तोंडात एक जबडा असतोच, शिवाय घशात दुसरा असतो. पुढच्यानं पकडायचं, मागच्यानं चिरडायचं.

अशा टाकीत मी एक पीकॉक ईल आणून सोडला. तो आग्नेय आशियातला. बोटाएवढा लांब, पेन्सिलीसारखा बारीक, शेपटीकडच्या भागात मोराच्या पिसावरच्या डोळ्यांसारखे ठिपके. दुकानात विचारलं, "याला काय घालायचं?" उत्तर आलं, "काही नाही हो, खाली पडलेलं खातो." मी खूश! एक मासा फुकटात पोसला जाणार.

पहिल्या दिवशी तो पाइपाच्या तुकड्यामागे गेला, तो दिसेनाच. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी सकाळी गोळ्या टाकायचो. कॉन्व्हिक्ट त्या वरच्या वर गट्ट करायचे. चार गोळ्या जास्त टाकल्या, तर त्याही त्यांनीच संपवल्या. मला वाटायचं, ईल रात्री खात असेल. खाली काहीतरी पडत असेलच की!

पाचव्या आठवड्यात तो दिसला. दिवसाउजेडी, उघड्यावर, वाळूवर आडवा. डोक्यामागचं अंग सुतळीसारखं झालं होतं. मी घाईघाईनं गांडूळ शोधून आणलं, त्याच्या नाकासमोर धरलं. त्यानं नाक हलवलं, पण तोंड काही उघडलं नाही. संध्याकाळी तो गेला.

मी आजीला म्हटलं, "आजी, टाकीत इतकं खाणं होतं गं, तरी हा उपाशी कसा मेला?"

आजीनं आयुष्यभर लग्नामुंजींच्या पंगती वाढल्या होत्या. ती म्हणाली, "अरे, खाणं पातेल्यात होतं. त्याच्या पानात कुठे होतं? वाढणाऱ्यानं आधी शेवटचं पान बघावं. पहिली पानं ओरडून मागून घेतात."

दोस्तांनो, काटेरी ईल पाळण्याचं सगळं शास्त्र या वाक्यात आहे. बाकी मी जे सांगणार आहे, ते फक्त त्या शेवटच्या पानापर्यंत पोचायचं कसं, एवढंच.

ते जमतं कुठे?

मग सिक्लिड आणि काटेरी ईल एकत्र राहूच शकत नाहीत का? राहतात की! निसर्गात लाखो वर्षं राहत आले आहेत. ते बघायला आपल्याला आफ्रिकेत जावं लागेल.

नकाशा काढा. टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांच्या मध्ये एक लांबट सरोवर दिसेल. त्याचं नाव टांगानिका. लांबी सुमारे ६७० किलोमीटर, सर्वात जास्त खोली सुमारे १४७० मीटर. जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं खोल सरोवर! त्यात सिक्लिडच्या दोनशेहून जास्त जाती आहेत, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. याच सरोवरात काटेरी ईलच्याही डझनभराहून जास्त जाती राहतात. त्यातल्या एकीचं वर्णन १८९८ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले शास्त्रज्ञ बूलेंजे यांनी केलं होतं.

एवढ्या भांडकुदळ शेजाऱ्यांमध्ये हे लाजरे मासे टिकले कसे? दोन गोष्टींमुळे. पहिली गोष्ट, जागा. खडकांच्या ज्या फटीत रुंद अंगाचा सिक्लिड शिरू शकत नाही, तिथे ईल दोरीसारखा आरामात सरकतो. वाळू असेल तर वाळूत शिरतो. दुसरी गोष्ट, वेळ. सिक्लिड दिवसा डोळ्यांनी शिकार शोधतात. बरेचसे काटेरी ईल अंधार पडल्यावर नाकानं शोधतात. त्यांच्या त्या सोंडेकडे नीट पाहा. टोकाला मधे मांसल शेंडा आणि दोन्ही बाजूंना नाकपुड्यांच्या दोन बारीक नळ्या. ती सोंड वाळूत फिरवून किडे, अळ्या आणि गांडुळं ते हुडकून काढतात.

म्हणजे जागा वेगळी आणि वेळ वेगळी. सरोवर हे आपोआप करतं. घरच्या टाकीत ते आपल्याला करावं लागतं.

जागा : वाळूचं अंथरूण

पहिला नियम. टाकीच्या तळाला खडी नको, वाळू हवी. काटेरी ईलचे खवले अगदी बारीक असतात. टोकदार खडीत शिरताना अंग खरचटतं आणि त्या जखमांमधून रोग शिरतो. नदीची बारीक, गोल कणांची वाळू घ्या. बांधकामासाठी दगड फोडून केलेली वाळू टोकदार असते, ती नको. रव्याच्या चाळणीनं चाळा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि दोन ते तीन इंच थर द्या.

वाळू आली की तळाखाली बसवायची फिल्टरची प्लेट बाद. ती बारीक वाळूनं तुंबते. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर बरा.

दगड रचायचे असतील तर आधी दगड, मग वाळू! दगड थेट काचेच्या तळावर नीट टेकवा (खाली थर्मोकोलचा पातळ तुकडा ठेवला तर उत्तम) आणि मग भोवती वाळू पसरा. सिक्लिड आणि ईल दोघंही खणकाम करणारे. वाळूवर ठेवलेला दगड त्यांनी खालून पोखरला, तर तो ईलच्याच अंगावर पडायचा.

लपायला प्लंबरकडून पाऊण-एक इंची पीव्हीसी पाइपाचे वीतभर तुकडे आणा. टोकं घासून गुळगुळीत करा. एका ईलसाठी दोन-तीन तरी हवेत, म्हणजे एकावर सिक्लिडनं कब्जा केला तर दुसरा उरतो. मासा मोठा झाला की पाइपही मोठा द्यायचा.

टाकी केवढी? पीकॉक ईल साधारण एक फुटापर्यंत वाढू शकतो. त्याला चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी चांगली. माझी तीन फुटी टाकी त्याला लहानच होती, हे मला नंतर कळलं. आपला वाम दोन-अडीच फुटांच्याही पुढे जाऊ शकतो आणि लाल पट्ट्यांचा देखणा फायर ईल तर मीटरभर होतो! दुकानात तो वीतभर असतो, म्हणून फसू नका. मोठी टाकी ठेवायला जागा नसेल, तर या दोघांचं नावच काढू नका.

वेळ : अंधारातलं जेवण

आता आजीची पंगत. संध्याकाळी दिवा चालू असताना सिक्लिडना टाकीच्या एका टोकाला खायला द्या. त्यांची पोटं भरू द्या. मग टाकीचा दिवा बंद करा, खोलीतलाही मंद करा आणि अर्धा तास थांबा. सिक्लिड सुस्तावतात. आता दुसऱ्या टोकाला ईलचं पान वाढायचं.

पान कसलं? अर्धा इंची प्लास्टिकच्या नळीचं! नळीचं खालचं टोक ईलच्या बिळाजवळ वाळूवर टेकवा आणि वरून गांडुळाचा तुकडा सोडा. तो सरळ खाली त्याच्या नाकासमोर उतरतो. मधे कोणी पळवत नाही. थोडा वेळ शांत राहा. आधी नाकाचा शेंडा हलेल, मग डोकं बाहेर येईल आणि मग... गट्ट! पहिल्यांदा हे पाहाल तेव्हा टाळी वाजवावीशी वाटेल. वाजवू नका, तो पळेल!

बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा. मंद लाल उजेडात तो कमी दचकतो आणि तुम्हाला सगळं दिसतं.

गांडुळं कुंडीतली किंवा बागेतली चालतील, पण जिथे कीटकनाशक किंवा रासायनिक खत टाकलं असेल, तिथली मुळीच नकोत. स्वच्छ पाण्यानं धुऊन काही तास ओल्या फडक्यात ठेवा, म्हणजे पोटातली माती निघून जाईल. दुकानातले गोठवलेले ब्लडवर्म किंवा सोललेल्या कोळंबीचे बारीक तुकडेही चालतात. पीठ-गोळ्यांवर मात्र तो सहसा राजी होत नाही. आठवड्यातून तीन-चार रात्री जेवण दिलंत तर पुरे. लहान पिल्लू असेल तर रोज थोडं थोडं. उरलेलं सकाळी काढून टाका, नाहीतर पाणी सडतं.

आणि एक वही करा. तारीख, काय दिलं, खाल्लं की नाही, आणि डोक्यामागचं अंग भरलेलं आहे की खपाटीला गेलंय, एवढंच लिहायचं. सलग आठवडाभर 'खाल्लं नाही' आलं, तर काहीतरी बिघडलंय. माझ्याकडे अशी वही असती, तर मला पाचव्या आठवड्यापर्यंत थांबावं लागलं नसतं.

सोबती कोण?

सगळे सिक्लिड सारखे नसतात. शांत स्वभावाचे एंजल हे पीकॉक ईलचे चांगले शेजारी. दोघांनाही २५-२६ अंश सेल्सिअस तापमान आणि फार जड नसलेलं पाणी मानवतं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी बहुधा जड असतं, म्हणून ते आधी तपासून घ्या.

लहान ईलबरोबर मोठा ऑस्कर मात्र नको. ऑस्कर फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. ईल गिळताना काटे घशात अडकले, तर दोघंही जिवाला मुकतात. आफ्रिकेच्या मलावी सरोवरातले रंगीबेरंगी सिक्लिडही नकोत. ते पिच्छा सोडत नाहीत, आणि त्यातले शेवाळ खाणारे सिक्लिड गांडुळं खाऊन पोट फुगून आजारी पडतात. अंडी राखणारी कॉन्व्हिक्टची जोडी तर कोणालाच टाकीत सुखानं राहू देत नाही. हे मी अनुभवावरून सांगतोय!

आणि ईलला गरीब बिचारा समजून निऑन टेट्रासारखे चिमुकले मासे बरोबर ठेवू नका. रात्री तो त्यांचाही फडशा पाडतो.

झाकण, पाणी आणि औषध

काटेरी ईल म्हणजे पक्का पळपुट्या. फिल्टरची नळी जिथून बाहेर येते, तेवढ्या भोकातूनही तो निसटतो आणि सकाळी कपाटाखाली वाळलेला सापडतो. टाकीवर घट्ट झाकण हवं आणि नळ्या-वायरींभोवतीच्या फटीत स्पंजचे तुकडे ठासा. ज्या फटीत तुमची करंगळी जाते, त्या फटीतून छोटा ईल जातो, हे लक्षात ठेवा.

नवी टाकी भरली की लगेच ईल सोडू नका. माशांच्या घाणीतून अमोनिया हा विषारी पदार्थ तयार होतो. काही उपयुक्त जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर धीर धरा. नंतर दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून दुकानात मिळणारे हायपोचे खडे बेतानं वापरा किंवा पाणी उघड्या बादल्यांत दिवसभर ठेवा.

माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले की आपण बाटलीतलं औषध ओततो. थांबा! काटेरी ईलना तांबं किंवा मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधं सोसत नाहीत. सिक्लिडला बरं करणारी मात्रा ईलला मारू शकते. आधी जाणकाराला विचारा आणि ईलला वेगळ्या भांड्यात हलवा. हलवताना जाळं नको, त्यात काटे अडकतात. तो पाइपात शिरला की दोन्ही तोंडं हातानं बंद करून पाइपासकट उचला.

टाकीत हात घालण्यापूर्वी पंपाचं आणि हीटरचं बटण बंद करून प्लग काढायचा. हा नियम कधीही मोडायचा नाही.

आई-बाबा, हे तुमच्यासाठी

चार फुटी टाकीत अडीचशे लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन अडीचशे किलो! काच, वाळू, दगड वेगळे. तेव्हा स्टँड भक्कम हवा आणि टाकी भिंतीलगत असावी.

दुसरी गोष्ट वजनाची नाही, वर्षांची आहे. नीट सांभाळला तर हा मासा कित्येक वर्षं जगतो. आज सहावीतला मुलगा हट्ट करतोय. तो दहावीला बसेल तेव्हा रात्री नऊ वाजता नळी धरून कोण उभं राहणार? हे दुकानात जाण्याआधी सगळ्यांनी बसून ठरवा. बाजारात येणारे बरेचसे काटेरी ईल अजूनही नद्या-ओढ्यांमधून पकडलेलेच असतात, कारण टाकीत त्यांची पैदास करणं अवघड आहे. म्हणून 'मेला तर दुसरा आणू' हा हिशेब इथे करायचा नाही. तुमचं उत्तर 'नाही' असेल तर तेही चांगलं उत्तर आहे. नदीकाठी गेलात तर कोळीदादांना वाम दाखवायला सांगा. ते खुशीनं दाखवतील.

आणि दोस्तांनो, कंटाळा आला, मासा मोठा झाला, टाकी फुटली, काहीही झालं तरी टाकीतला मासा नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडायचा नाही. आपण ज्याला चिलापी म्हणतो तो तिलापिया आफ्रिकेतला सिक्लिडच. १९५२ साली तो भारतात आणला गेला आणि आज आपल्या कितीतरी धरणांत त्यानं ठाण मांडलंय. टाकीची काच चाटणारा सकर मासाही असाच लोकांनी सोडून सोडून नद्यांमध्ये पसरला. हे पाहुणे तिथल्या माशांचं खाणं आणि जागा बळकावतात. म्हणजे पुन्हा तेच, शेवटचं पान रिकामं! नको असलेला मासा दुकानदाराला किंवा दुसऱ्या मासेवेड्या मित्राला द्या.

आता माझ्याकडे चार फुटी टाकी आहे, एंजलची जोडी आहे आणि वाळूत एक पीकॉक ईल आहे. घरी पाहुणे येतात, टाकीसमोर उभे राहतात आणि म्हणतात, "वा! दोनच मासे आहेत वाटतं?"

मी म्हणतो, "नाही, तीन आहेत. रात्री जेवायच्या वेळेला या."

तुमच्या घरी टाकी असेल तर आज रात्री दिवा बंद करून अर्धा तास तिच्यासमोर बसा. दिवसा कधीच न दिसणारा एखादा मासा बाहेर येतोय का, बघा. आला, तर आधी त्याचं डोक्यामागचं अंग बघा, आणि लगेच वहीत लिहा.